अपवादांची जमीन : आरेचा पाऊणशे वर्षांचा इतिहास

अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक क्षेत्राच्या कुंपणाआड एक भग्न चर्च उभे आहे. संत योहान बाप्तिस्ताच्या नावाचे हे चर्च येशूसंघीय धर्मगुरूंनी १५७९ साली बांधले. कोंडिविटे परिसरातील ख्रिस्ती कुटुंबे रविवारच्या मिस्सेसाठी येथे जमत. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगाने परिसर ओस पडला, कुटुंबे मरोळला गेली, तेथे नवे चर्च उभे राहिले आणि जुन्या चर्चचे छप्पर काळाच्या ओघात कोसळले. भिंती तेवढ्या राहिल्या. पुढे १९७३ साली सभोवारची जमीन निर्यातीच्या कारखान्यांसाठी राखून ठेवण्यात आली आणि त्या भिंतीही कुंपणाच्या आत गेल्या. आज पूर्वजांच्या वेदीपाशी जाऊन गुडघे टेकायचे, तर ईस्ट इंडियन समाजाच्या लेकरांना प्रथम फाटकावरच्या पहारेकऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

ही जमीन कोणा परचक्रात गेली नाही. नकाशावरचे तिचे नाव बदलले, इतकेच. शेतजमिनीची ती औद्योगिक जमीन झाली, आणि नाव बदलल्यावर पुढचे सारे रीतसर होत गेले.

या चर्चपासून उत्तरेला थोड्याच अंतरावर, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता ओलांडला की आरे दुग्ध वसाहतीची झाडी लागते. त्या झाडीचा पाऊणशे वर्षांचा इतिहास म्हणजे जमिनीच्या नावांचा आणि त्या नावांना वेळोवेळी दिलेल्या अपवादांचा इतिहास आहे. गोरेगाव, मरोळ, अंधेरी येथील आपल्या अनेक कुटुंबांच्या दारापाशी तो घडला. तरीही आपण तो वर्तमानपत्रांत तुकड्यातुकड्यांनीच वाचला. ते तुकडे एकत्र जोडून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दुधासाठी राखलेले रान

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई शहरात म्हशींचे तबेले भर वस्तीत होते. शेणामुताने गटारे तुंबत, माशा घोंगावत, आणि दुधात पाणी किती व पाण्यात दूध किती, हे गवळ्यालाच ठाऊक असे. ही जनावरे शहराबाहेर न्यावीत, त्यांना मोकळे रान, चारा आणि वैद्यकीय देखभाल मिळावी, आणि शहराला स्वच्छ दूध मिळावे, अशी योजना तत्कालीन मुंबई सरकारने आखली. तिचे शिल्पकार होते दुग्ध आयुक्त दारा खुरोडी. १९४९ साली आरे वसाहतीची स्थापना झाली आणि ४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू यांनी तेथे रोप लावून तिचे उद्घाटन केले. तीन हजारांहून अधिक एकरांच्या या रानात सुमारे सोळा हजार जनावरे ठेवण्याची सोय झाली. गोठे सरकारचे, म्हशी गवळ्यांच्या आणि दूध शहराचे, अशी ती व्यवस्था होती. गरिबाला परवडावे म्हणून सायीचे प्रमाण कमी केलेले ‘टोन्ड’ दूध खुरोडी यांच्याच पुढाकाराने मुंबईत प्रथम आले. १९६३ साली त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासमवेत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दूध केंद्रावरची पहाटेची रांग आणि काचेच्या बाटल्यांचा किणकिणाट आपल्या वडीलधाऱ्यांच्या अजून स्मरणात असेल.

या योजनेमागे एक विचार होता. शहरात कोणती गोष्ट कोठे असावी, हे बाजाराच्या ओढीवर न सोडता सर्वांच्या हिताने ठरवावे, असा तो विचार. नगररचना म्हणतात ती हीच. आरेचा जन्म त्या विचारातून झाला, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

परंतु पहिली चूकही त्याच वेळी झाली. हे रान निर्जन नव्हते. आरे, साई, गुंडगाव, मरोशी, पासपोली ही गावांची नावे जमिनीच्या दप्तरात होती. ओढ्यांच्या काठांवर, टेकड्यांच्या उतारांवर वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे होते. नवशाचा पाडा, केल्टीपाडा, खांबाचा पाडा, जिवाचा पाडा अशी सत्तावीस पाड्यांची मोजदाद आज केली जाते. ही माणसे पावसाळ्यात भात-नाचणी पिकवीत, भाजीपाला करीत, वाघोबाला नमस्कार करून रानात शिरत. जमीन दुग्धविकास खात्याच्या नावावर चढली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारे कागदोपत्री सरकारी जमिनीवरचे रहिवासी झाले. आपला ईस्ट इंडियन शेतकरी निदान सातबाऱ्यावर होता. आदिवासी तेथेही नव्हता.

‘ना विकास क्षेत्र’ म्हणजे काय?

नगररचनेचा भारतातील पहिला कायदा १९१५ साली मुंबई इलाख्यातच झाला. बृहन्मुंबईचा पहिला विकास आराखडा १९६७ साली मंजूर झाला आणि त्याच्या आगेमागेच, १९६६ साली, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. आजही सारा व्यवहार त्याच कायद्याने चालतो. दुसऱ्या आराखड्याला आणि त्याच्या विकास नियंत्रण नियमावलीला १९९१ पासून टप्प्याटप्प्याने मंजुरी मिळाली. त्या आराखड्यात आरेची जमीन ‘ना विकास क्षेत्रा’त होती.

हे नाव ऐकून पुष्कळांचा असा समज होतो की, तेथे वीटही रचता येणार नाही. वस्तुस्थिती वेगळी आहे. काही ठरावीक उपयोगांना, नाममात्र बांधकामाला तेथे मुभा असते. शिवाय कायद्यातच नियम वाकवण्याच्या वाटा ठेवलेल्या असतात. यात गैर काही नाही. कोणताही नियम प्रत्येक प्लॉटला तंतोतंत बसत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराने १९१६ साली क्षेत्रवार बांधकामाचे नियम केले, तेव्हाच अडचणीत सापडलेल्या मालकाला सवलत देणारे मंडळही नेमले. आपल्या १९९१ च्या नियमावलीनेही, खरोखरची अडचण सिद्ध झाली तर बांधकामाच्या मोजमापांत कारणे नोंदवून सवलत देण्याचा अधिकार महापालिका आयुक्तांना दिला होता. मात्र चटईक्षेत्राला सहसा हात लावायचा नाही, अशी मर्यादाही घातली होती. ही झाली लहान वाट.

मोठी वाट म्हणजे १९६६ च्या अधिनियमातील कलम ३७. आराखड्याचे मूळ स्वरूप न बदलणारा किरकोळ फेरबदल या कलमाने करता येतो. निवासी, औद्योगिक, हरित यांपैकी जमिनीवर कोणता शिक्का असावा, हेही या वाटेने बदलता येते. त्यासाठी शासकीय राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना प्रसिद्ध करावी लागते. एक महिन्याच्या आत कोणीही हरकत किंवा सूचना लेखी पाठवू शकतो. त्यानंतर सुनावणी होते आणि शेवटी राज्य शासन मंजुरी देते. ‘कोणीही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यासाठी जमिनीचे मालक असावे लागत नाही, वकील असावे लागत नाही.

माझ्या पूर्वीच्या एका धर्मग्रामात एकदा काही मंडळी वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन माझ्याकडे आली होती. गावठाणालगतच्या मोकळ्या जागेचा शिक्का बदलून तेथे इमारती बांधू द्याव्यात, असा प्रस्ताव होता. बारीक अक्षरांतली ती सूचना मासळी गुंडाळून आलेल्या कागदावर कोणाच्या तरी दृष्टीस पडली होती. मुदत संपून नऊ दिवस झाले होते. मी सेमिनरीत धर्मशास्त्र शिकलो, इतिहासही शिकलो, परंतु ती सूचना कशी वाचावी हे मलाही ठाऊक नव्हते. त्या दिवशी मी त्यांना चहा पाजून परत पाठवले. ही खंत आजही मनात आहे.

एकामागून एक चांगली कारणे

आता आरेच्या रानाचे काय झाले ते पाहू. १९६९ साली आरे प्रकल्पाकडील सुमारे २,०७६ हेक्टर जमीन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानासाठी देण्यात आली. हा फेरबदल रानाच्या बाजूने होता आणि त्याबद्दल मुंबईकराने कृतज्ञ असावे. १९७७ साली चित्रनगरी झाली. तिने सुमारे ५२० एकर व्यापले. राज्य राखीव पोलीस दलाची छावणी आली, पशुवैद्यकीय महाविद्यालयाला जागा मिळाली, कुक्कुटपालन केंद्र झाले. आरेच्या हद्दीतच रॉयल पाम्स हे खासगी संकुल बंगले, इमारती व हॉटेल घेऊन उभे राहिले. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर स्थापन झालेल्या फोर्स वनच्या प्रशिक्षणासाठीही येथेच जागा देण्यात आली.

यांपैकी प्रत्येक मागणीमागे कारण होते, आणि बहुतेक कारणे चांगली होती. चित्रपटाने हजारोंना रोजगार दिला. शहराच्या सुरक्षेला कोण नाही म्हणेल? जनावरांच्या दवाखान्याला आक्षेप कसला घ्यायचा? पण चांगल्या कारणांची बेरीज करून पाहण्याचे काम कोणी केले नाही. प्रत्येक वेळी एकाच तुकड्याचा प्रश्न पुढे आला आणि उरलेले रान तर पुष्कळ आहे, असे उत्तर मिळाले.

दुसरी गोष्ट त्याहून अधिक मनाला लागते. ज्या क्षेत्रात चित्रनगरीला आणि हॉटेलला वाट मिळाली, त्याच क्षेत्रात आदिवासीला आपल्या कुडाच्या घराची भिंत पक्की करणे दुरापास्त होते. कित्येक पाड्यांत एकविसावे शतक उजाडल्यावरही विजेचा दिवा नव्हता. रात्री चित्रनगरीतले झोत आकाश उजळीत आणि शेजारच्या पाड्यात रॉकेलची चिमणी मिणमिणत असे. नियम एकच होता. अर्ज कसा करावा, कोणाला भेटावे, हे ज्याला ठाऊक, त्याच्यासाठी तो वाकला. ज्याला ठाऊक नव्हते, त्याच्यासाठी तो ताठ राहिला.

गरिबाचे घर

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि धर्मगुरू म्हणून मला तो टाळता येत नाही. मुंबईत घर नाही. आपल्या धर्मग्रामांतील किती तरी तरुण दांपत्ये लग्न झाल्यावर विरारच्या पुढे गेली. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या राहतात, आणि घराला आशीर्वाद देण्यासाठी गेलो की उंबऱ्याबाहेर उभे राहून प्रार्थना म्हणावी लागते. अशा शहरात ‘येथे घरे नकोत’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील झोपड्यांचा प्रश्न १९९५ साली मुंबई उच्च न्यायालयात गेला. मे १९९७ मध्ये न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला आणि पात्र कुटुंबांना सात हजार रुपये भरून पर्यायी जागा मिळण्याची तरतूद झाली. सुरुवातीला कल्याणजवळची दूरची जागा दाखवली गेली. ज्यांची रोजीरोटी बोरिवली-मुलुंडमध्ये होती, त्यांना ती कशी परवडणार? पुढे चांदिवलीला इमारती झाल्या आणि हजारो कुटुंबांना घरे मिळाली, पण हजारो मागे राहिली. नंतरच्या काळात उरलेल्यांसाठी आणि उद्यानातील आदिवासींसाठी आरेच्या बाजूला, मरोळ-मरोशीच्या सुमारे ९० एकर जमिनीवर घरे बांधण्याचा प्रस्ताव आला. म्हणजे एका रानातील गरिबाला दुसऱ्या रानात वसवायचे, आणि त्यासाठी त्या रानाचा शिक्का बदलायचा.

२०१५ च्या फेब्रुवारीत तिसऱ्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात चुका इतक्या होत्या की हजारो नागरिकांनी हरकती पाठवल्या आणि एप्रिलमध्ये तो मसुदा गुंडाळावा लागला. चर्च, मंदिरे, जुनी घरे, गावठाणे यांच्या नोंदी चुकल्याचे पाहून आपल्या समाजातील मंडळीही तेव्हा जागी झाली होती. सुधारित आराखडा २०१८ साली मंजूर झाला. त्याने दहा लाख परवडणाऱ्या घरांचे उद्दिष्ट पुढे ठेवले आणि त्यासाठी शहरातील ‘ना विकास क्षेत्रा’तील बऱ्याच जमिनींना ‘विशेष विकास क्षेत्र’ असे नाव दिले. ‘ना’ जाऊन ‘विशेष’ आले.

मला वाटते, प्रश्न घर हवे की झाड हवे, असा मांडणेच चुकीचे आहे. गरिबाच्या घरासाठी म्हणून जमिनीचा शिक्का बदलला, तर त्या जमिनीवर शेवटी कोण राहायला आले, हे दहा वर्षांनी तपासले पाहिजे. पुनर्वसनाच्या इमारती किती उठल्या आणि विक्रीचे मनोरे किती उठले? बांधकामाचा वाढीव हक्क कोणाला मिळाला? गरिबाच्या नावाने मागितलेला अपवाद गरिबालाच मिळाला असेल, तर त्याला विरोध करण्याचे धैर्य माझ्यात नाही. पण गरिबाचे नाव केवळ अर्जावर असेल, तर गप्प बसण्याचा अधिकारही मला नाही.

पाण्याची साक्ष

आरेच्या रानाला आणखी एक काम आहे, आणि ते कोणत्याही अर्जात लिहिलेले नसते. ओशिवरा नदी याच टेकड्यांतून उगम पावते. विहार व पवई तलावांचे सांडपाणी घेऊन मिठी नदी आरेच्या कडेने खाली उतरते. मोकळी माती पावसाचे पाणी पोटात घेते आणि हळूहळू सोडते. काँक्रीट ते एकदम सोडून देते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी कुर्ला, कलिना, सांताक्रूझ येथील आपल्या घराघरांत पाणी शिरले, चर्चच्या सभागृहांतून लोकांनी रात्र काढली. एवढा पाऊस कोणत्याही शहराला जड गेला असता, हे खरे. पण मिठीचे पात्र किती अरुंद झाले आहे आणि तिच्या वरच्या अंगाची माती किती झाकली गेली आहे, हे मुंबईने त्या रात्री प्रथमच पाहिले.

कारशेडचा अध्याय

मेट्रो-३ च्या कारशेडचा वाद वाचकांच्या स्मरणात ताजा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सुमारे ३० हेक्टर जागेसाठी झाडे तोडण्याची सूचना २०१४ साली निघाली आणि शेकडो नागरिकांनी हरकती नोंदवल्या. २०१७ साली शासनाने या जागेचा ‘ना विकास’ हा शिक्का बदलला. ही जमीन वन आहे की नाही, यावर न्यायालयात वाद झाला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये याचिका फेटाळली गेली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने उरलेल्या याचिका फेटाळताच त्याच रात्री करवती चालू झाल्या. एका विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेऊन ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. प्रजापूर पाड्याच्या कुटुंबांची घरे व शेते त्याआधीच गेली होती.

पुढे सरकारे बदलली तसे निर्णय बदलले. नोव्हेंबर २०१९ मध्ये कामाला स्थगिती मिळाली, २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, उच्च न्यायालयाने तेथील कामाला स्थगिती दिली, आणि २०२२ मध्ये कारशेड पुन्हा आरेत आली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी १७७ झाडांना परवानगी दिली, परंतु मर्यादा ओलांडल्याबद्दल मेट्रो महामंडळाला दहा लाख रुपयांचा दंडही केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिली गाडी धावली आणि २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पोहोचली. मीही त्या गाडीने प्रवास करतो. गाडी उत्तम आहे आणि तिने हजारो माणसांचा लोकलमधला घुसमटीचा प्रवास सुसह्य केला, हे नाकारणे खोटेपणाचे होईल.

पण या संघर्षातून एक गोष्ट पदरात पडली. २०२१ साली आरेची ८१२ एकर जमीन राखीव वनासाठी वन खात्याकडे सोपवण्यात आली. नावाला नावानेच उत्तर मिळाले. ‘दुग्ध वसाहत’ हे नाव ज्या रानाला वाचवू शकले नाही, त्याच्या एका भागाला ‘वन’ हे नाव मिळाले. हरकतींचे कागद, सह्यांच्या मोहिमा, रविवारच्या सकाळी रस्त्याच्या कडेने हातात फलक घेऊन उभी राहिलेली मुले, यांवाचून ते मिळाले नसते.

नाबोथाच्या गावातील वडीलधारे

जमिनीचा प्रश्न निघाला की राजांच्या पहिल्या ग्रंथातील नाबोथाची कथा मला आठवते. अहाब राजाला राजवाड्यालगतचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता. त्याने योग्य मोबदला देऊ केला, त्याहून चांगला मळा देऊ केला. वाडवडिलांचे वतन देणार नाही, असे नाबोथाने सांगितले. पुढे ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजमुद्रा उठवली आणि ती नाबोथाच्या गावच्या वडीलधाऱ्यांकडे धाडली. प्रवचनात आपण राजाच्या लोभाविषयी बोलतो, राणीच्या कपटाविषयी बोलतो. या वडीलधाऱ्यांविषयी फारसे बोलत नाही. पत्र त्यांच्या हाती आधी पडले होते. नाबोथ जिवंत असताना ते त्यांनी वाचले होते. त्यातला अन्याय त्यांना कळत होता. तरीही सांगितले तसे त्यांनी केले.

आपल्याजवळही पत्र येते. राजपत्रात, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरांत येते, आणि एक महिना वाट पाहते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात, एखाद्या प्रकल्पाचा परिणाम ज्यांच्यावर होणार त्या स्थानिक लोकांचा आवाज निर्णयाआधी ऐकला जावा, असा आग्रह धरला. आपल्या कायद्याने त्यासाठी महिनाभराची मुदत आधीच ठेवलेली आहे. ती वापरणे आपल्या हातात आहे.

हे अशक्य नाही, याला आपल्याच समाजाची साक्ष आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यात बांधकामाला मोकळीक मिळू लागली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांनी गावोगाव सभा घेऊन शेतकऱ्यांना आराखडा वाचायला शिकवले. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान एकत्र आले. सारे काही वाचले नाही. वसईच्या पश्चिमेकडे आज केळीच्या ज्या बागा उरल्या आहेत, त्यांच्यात त्या सभांचा वाटा आहे.

म्हणून माझी सूचना लहानशी आहे. प्रत्येक धर्मग्रामात दोन तरुणांनी दर आठवड्याला कलम ३७ च्या सूचना वाचाव्यात आणि आपल्या परिसराची सूचना असेल, तर रविवारी मिस्सेनंतर घोषणांच्या वेळी ती वाचून दाखवावी. लग्नाच्या जाहीर पुकारण्या आपण तीन रविवार करतो, कोणाला हरकत असेल तर कळवावे म्हणून. जमिनीच्या पुकारणीलाही एवढा मान द्यायला हरकत नाही. आणि सूचना आरेतील एखाद्या पाड्याविषयी असेल, तर त्या पाड्यात जाऊन ती मराठीत समजावून सांगावी. त्यांच्या नावाने हरकत आपण लिहू नये. त्यांनी सांगावे आणि आपण कागद पुढे करावा.

त्या नऊ दिवसांची भरपाई मला आता करता येणार नाही. पण गेली काही वर्षे आमच्या चर्चच्या फलकावर, मिस्सेच्या वेळापत्रकाच्या शेजारी, या सूचनांसाठी एक कोपरा राखून ठेवला आहे. बहुतेक आठवडे तो रिकामाच असतो. रिकामा असला, तरी तो कोपरा मी दुसऱ्या कोणत्याही कामासाठी देत नाही. मागणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची कारणेही चांगली असतात.